उभ्या गाडीची कैफियत

पनवेलच्या आसपास ज्या वीटभट्ट्या आहेत, त्यांचा कारभार मृगाच्या आगेमागे आवरता घेतला जातो आणि दसरा-दिवाळी उलटून जमीन वाळली म्हणजे पुन्हा मांडला जातो. मधले चार महिने भट्टीची जागा चिखलाच्या, बेडकांच्या आणि कमरेएवढ्या गवताच्या स्वाधीन असते. या काळात मजूर आपापल्या वाड्यांवर परततात, आणि विटा वाहणारी पिकअप गाडी, जिला उरलेले आठ महिने क्षणाची उसंत नसते, ती एखाद्या पत्र्याच्या छपराखाली, किंवा तेही नसल्यास नुसत्या ताडपत्रीखाली, उभी करून ठेवली जाते. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका भट्टीवाल्यांची अशीच एक जुनी डिझेल पिकअप जूनच्या पहिल्या आठवड्यात उभी राहिली ती खंडेनवमीपर्यंत हलली नाही. आणि खंडेनवमीच्या सकाळी, गाडी धुऊन, पुसून, झेंडूच्या माळेसाठी आरशाला दोरा बांधून झाल्यावर चालकाने किल्ली फिरवली, तेव्हा गाडीने 'टक्' असा एकच उद्गार काढला आणि ती गप्प झाली.

पनवेल हे गाव गाड्यांना नवखे नाही. मुंबईहून गलबताने येऊन येथील बंदरात उतरावे आणि पुढे घाटाची वाट धरावी, हा रेल्वेपूर्व काळातील शिरस्ता होता. १८३० साली सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर या वाटेवर बैलगाड्यांची वर्दळ वाढली, आणि बैलगाडीची चाके घडविणारे येथील सुतार त्यासाठी नावाजले गेले. त्या काळच्या गाडीवानाचा अनुभव असा होता, की आठ दिवस गोठ्यात विसावलेला बैल नवव्या दिवशी अधिक उमेदीने जू घेतो. यंत्राविषयी आपण आजही याच अनुभवावरून तर्क करतो आणि फसतो. कारण उभी गाडी आपल्याला स्वस्थ दिसत असली तरी तिच्या पोटात शिशाच्या पट्ट्या आम्लाशी व्यवहार करीतच असतात, लोखंड दमट हवेशी करीत असते, रबर कडक होत असते, टाकीतली हवा दिवसा फुगून बाहेर पडत असते व रात्री आकसून आपल्याबरोबर बाहेरची ओल आत आणीत असते. आणि या साऱ्या व्यवहारांत कुठलाही जमेचा नसून सगळे खर्चाचेच असतात. त्यातून हा प्रदेश खाडीकाठचा, पाऊस वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, आणि त्यातला जवळजवळ सगळा नेमका त्याच चार महिन्यांत पडणारा. देशावर चार महिने उभी राहिलेली गाडी आणि येथे चार महिने उभी राहिलेली गाडी यांचे वय सारखे धरता येत नाही.

'गाडी चालू होत नाही' ही तक्रार मालक एका वाक्यात करतो, पण तपासणाऱ्याने ते वाक्य जसेच्या तसे दाखल करून घेऊ नये. त्या एका वाक्यात दोन निरनिराळे रोग दडलेले असतात: एक, किल्ली फिरवली असता इंजिन मुळी फिरतच नाही, आणि दुसरा, सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, इंजिनाला व्यवस्थित फिरवतो, पण ते पेट घेत नाही. पहिल्यात चौकशी विजेची करायची असते आणि दुसऱ्यात बहुधा इंधनाची. हा भेद करण्यासाठी कुठलेही हत्यार लागत नाही, कान लागतात. आणि पहिल्या रोगातही मौनाच्या तीन जाती आहेत, त्या ज्याला ओळखता येतात त्याचे अर्धे काम बॉनेट उघडण्यापूर्वीच होऊन जाते. किल्ली फिरवताच समोरचे दिवे विझू-विझू होऊन 'टकटकटक' अशी थरथरती आवाजांची माळ ऐकू आली, तर बॅटरी रिकामी आहे. दिवे तेजस्वी राहून आवाज मुळीच झाला नाही, तर हुकूम सेल्फपर्यंत पोचलेलाच नाही. तेव्हा किल्लीचा स्विच, फ्यूज, रिले, आणि नव्या गाडीत किल्ली ओळखणारी चोरप्रतिबंधक यंत्रणा यांच्याकडे वळावे. आणि दिवे जेमतेम मंदावले, व एकदाच, पण ठसठशीत 'टक्' झाले, तर हुकूम पोचला आहे, पण त्याची तामिली होत नाही. सेल्फ स्वतः अडकला आहे, किंवा त्याच्यापर्यंत विजेचा मोठा प्रवाह जाण्याच्या वाटेत कुठे तरी अडसर आहे.

आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीने तिसऱ्या जातीचे मौन धारण केले होते. पण खंडेनवमीच्या गर्दीत, गुरुजी यायची वेळ झालेली असताना, मौनाच्या जाती कोण तपासणार! चालकाने गल्लीतल्या दुसऱ्या एका टेम्पोवाल्याला हाक मारली. (छोट्या मालवाहू गाडीला सरसकट टेम्पो म्हणण्याची आपली रीत पुण्याच्या बजाज टेम्पो या कारखान्यापासून पडली, त्या कंपनीने नंतर आपले नाव बदलले, तरी भाषेने तिने सोडलेले नाव सोडले नाही.) त्याची गाडी शेजारी आणली, जाड वायरी जोडल्या, आणि किल्ली फिरवताच सेल्फ खडखडून फिरू लागला. इंजिन काही पेटले नाही, पण सेल्फ फिरला एवढ्यावरून सर्वांनी एकमुखाने निकाल दिला, की बॅटरी गेली. दुपारी नवी बॅटरी आली, जुनीचे पैसे त्यात वळते झाले, नवी जागेवर बसली, आणि किल्ली फिरवल्यावर गाडीने पुन्हा तेच उत्तर दिले: 'टक्'.

येथे थोडे थांबून बॅटरीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण येथे तिच्यावरचा आरोप सिद्ध झाला नसला तरी उभ्या गाडीच्या बहुसंख्य फिर्यादींत आरोपी तीच असते. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली आणि तिच्या मूळ रचनेत दीडशे वर्षांनंतरही तत्त्वतः फरक पडलेला नाही. तिच्यात सहा कप्पे असतात, प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून गाडी काही तास स्वस्थ उभी असताना पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ किंवा १२.७ दाखवतो. १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली उतरलेला आकडा म्हणजे जवळजवळ रितेपण. अननुभवी माणसाला १२ हा आकडा 'बारा व्होल्टची बॅटरी, बारा व्होल्ट आहेत' म्हणून समाधानकारक वाटतो. वस्तुतः तो दिवाळखोराच्या तिजोरीतील शिल्लकेसारखा आहे.

ही शिल्लक दोन वाटांनी झिरपते. एक वाट बॅटरीच्या स्वभावातच आहे: कुणी काही न घेताही तिचे आपोआप विसर्जन होत राहते, आणि तापमान १० अंशांनी चढले की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो. दुसरी वाट गाडीच्या परिवाराची. नव्या गाडीत घड्याळ, रेडिओची स्मृती, संगणक, चोरप्रतिबंधक यंत्रणा असे जे नोकरचाकर असतात ते मालक झोपला तरी जागेच राहतात. त्यांचा एकत्रित खर्च ३० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला ०.७२ अँपिअर-तास होतो, आणि चार महिन्यांत, म्हणजे १२० दिवसांत, सुमारे ८६ अँपिअर-तास. पिकअपची बॅटरी बहुधा याहून लहानच असते. म्हणजे आषाढीच्या आधी भरून ठेवलेली बॅटरी कार्तिकीपर्यंत पुरत नाही, हा हिशोब पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. आणि रिती झालेली बॅटरी नुसती रिती राहत नाही. तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे जे मऊ कण साचलेले असतात ते काही आठवड्यांत टणक स्फटिक बनतात, मग कितीही चार्ज केले तरी ते विरघळत नाहीत, आणि बॅटरीची धारणाशक्ती कायमची उणी होते. म्हणून रित्या बॅटरीला पहिल्याच आठवड्यात चार्जिंगला लावले तर ती बहुधा वाचते; चार महिन्यांनी लावले तर बहुधा वाचत नाही. २०२० साली २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि रस्त्यारस्त्याला गाड्या महिनोन्महिने उभ्या राहिल्या, तेव्हा हा धडा साऱ्या देशाने एकदम गिरवला.

पण नव्या बॅटरीवरही 'टक्' का? दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्यालाच, एक वयस्क मिस्त्री बोलावले गेले. त्यांनी हत्यारांची पेटी उघडली नाही. खिशातून एक मल्टिमीटर काढला आणि त्याच्या दोन टोकांनी चौकशी आरंभली. प्रथम बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर, म्हणजे टर्मिनलांना नव्हे तर त्यांच्या आतल्या शिशाच्या खुंट्यांना, टोके टेकवून चालकाला किल्ली मारायला सांगितली. आकडा १२.६ वरून ११.६ वर आला आणि तेथेच राहिला. सेल्फ खरोखर फिरताना सशक्त बॅटरीही दहा-साडेदहापर्यंत खाली येते, आणि अशक्त बॅटरी साडेनऊच्याही खाली कोसळते. येथे तिच्यावर पुरता भारच पडत नव्हता. मग त्यांनी एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर ठेवले आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर. वास्तविक ही दोन्ही स्थाने जाड पट्ट्यांनी जोडलेली, विजेच्या दृष्टीने एकच. किल्ली मारली असता त्यांच्यामध्ये फार तर पाव-अर्धा व्होल्ट फरक दिसावा. दिसले सात व्होल्ट. मिस्त्री मागे वळून म्हणाले, "शेठ, बॅटरीत जोर आहे. तो इंजिनापर्यंत पोचत नाही." गाडीखाली वाकून पाहिले, तर इंजिनापासून चेसिसला येणारी अर्थिंगची पट्टी, जिथे तिचा बोल्ट चेसिसवर आवळलेला होता तिथे, गंज आणि विटांची धूळ यांच्या पापुद्र्यावर नुसती टेकलेली होती.

यातील मर्म ज्या नियमात आहे तो जर्मन भौतिकीविद गेओर्ग ओहम याने १८२७ मध्ये प्रसिद्ध केला आणि शाळेत आपण तो पाठ करून विसरलो: दाबातील घट ही प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार असते. समजा त्या गंजाच्या पापुद्र्याचा रोध अवघा ०.०५ ओहम आहे, म्हणजे ओहमचा विसावा हिस्सा. समोरचा एक दिवा ५ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. तेवढा प्रवाह अशा रोधातून नेला तर पाव व्होल्ट खर्ची पडेल आणि दिव्याच्या तेजात डोळ्याला फरक दिसणार नाही. परंतु डिझेल इंजिनाचा सेल्फ २०० ते ३०० अँपिअर मागतो. त्या रोधातून २०० अँपिअर न्यायचे म्हटले तर तेथेच १० व्होल्ट गडप होतील, आणि सेल्फच्या वाट्याला दोन उरतील. म्हणून मुळात तेवढा प्रवाह वाहूच शकत नाही. आणि दिवे तर बहुधा इंजिनाच्या पट्टीवर अवलंबूनही नसतात, त्यांची अर्थिंग चेसिसवरूनच बॅटरीला पोचते. तेव्हा 'दिवे लखलखीत आहेत, हॉर्न वाजतो आहे, मग वीज तर आहेच' हे जे आपण म्हणतो ते खेड्यातल्या ओढ्यात घोटाभर पाणी वाहताना पाहून धरण भरले आहे असे म्हणण्यासारखे आहे. किरकोळ खर्चाची पत असलेल्या माणसाची मोठ्या कर्जाला पत असेलच असे नाही.

आता प्रश्न उरतो तो हा, की मग आदल्या दिवशी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर सेल्फ फिरला कसा? आणि या प्रश्नाने मला त्या दसऱ्याला शिलंगणाचे सोने वाटण्याहून अधिक गुंतवून ठेवले. उत्तर असे निघाले, की टेम्पोवाल्याने सारे शास्त्रोक्त केले होते. जंपर वायरी जोडण्याचा नियम असा आहे, की लाल वायर धन खुंटीपासून धन खुंटीला लावावी, आणि काळी वायर मदत करणाऱ्या बॅटरीच्या ऋण खुंटीपासून बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावी. कारण शेवटचा जोड देताना ठिणगी उडते आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन वायू असण्याचा संभव असतो. त्याने काळा चिमटा इंजिनाला लावला, आणि तसे करताच वीज त्या गंजलेल्या पट्टीला वळसा घालून थेट इंजिनात उतरली. बॅटरी बदलल्याने सेल्फ फिरला नव्हता. वाट बदलल्याने फिरला होता. तोच चिमटा त्याने नियम मोडून बॅटरीच्या ऋण खुंटीला लावला असता, तर सेल्फ फिरला नसता, आणि बॅटरीवरचा आरोप तत्काळ खोटा ठरला असता.

आपल्या नैयायिकांना हे प्रकरण दाखवले असते तर ते प्रसन्न झाले असते. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' ज्यांनी पाहिला असेल त्यांना पर्वतावरील धुराचे उदाहरण आठवेल: धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान बरोबर, पण अग्नी आहे म्हणून धूर आहे, हे चूक, कारण धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते. या दडलेल्या अटीला त्यांनी 'उपाधी' असे नाव दिले आणि ज्या अनुमानाच्या पोटात उपाधी निघते ते अनुमान त्यांनी बाद ठरवले. 'दुसरी बॅटरी लावताच सेल्फ फिरला, म्हणून आपली बॅटरी निकामी' या अनुमानातील उपाधी काळ्या चिमट्याच्या जागेत होती. दुरुस्तीच्या धंद्यात अशी सोपाधिक अनुमाने पैशापरी पैसा जाण्याचे मुख्य कारण असतात, आणि माझ्या मते त्यांत कारागिराच्या लबाडीपेक्षा गिऱ्हाइकाच्या घाईचा वाटा मोठा असतो. कारण एक वस्तू बदलताच गाडी सुरू झाली की त्या वस्तूचा दोष सिद्ध झाला असे मानायला दोन्ही पक्ष सारखेच उत्सुक असतात.

बोल्ट सोडवून, पट्टी आणि चेसिस दोन्हीकडचा धातू पॉलिश-पेपरने चकचकीत घासून, पुन्हा आवळून, वर थोडे ग्रीस फासल्यावर सेल्फ नव्या नवरीच्या मेहुण्यासारखा उत्साहाने फिरू लागला. पण इंजिन पेटेना. पहिला रोग बरा झाला, तेव्हा दुसरा प्रकट झाला. आणि हीच उभ्या गाडीची खरी अडचण आहे. चालत्या गाडीत एकावेळी बहुधा एकच बिघाड होतो आणि तो घडल्याचा क्षण आपल्या लक्षात असतो. उभ्या गाडीत चार बिघाड चार निरनिराळ्या रात्री बिनबोभाट घडून एकमेकांच्या आड लपून बसतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे जे इंजिन यशस्वी रीतीने चालवून दाखवले त्याचे सारे नावीन्य यातच होते, की हवा इतकी दाबायची, अगदी थोड्या जागेत कोंबायची, की ती ५०० अंशांच्याही वर तापावी, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडताच तो आपोआप पेटावा. म्हणून येथे स्पार्क प्लग तपासण्याचा प्रश्न नाही. दोनच प्रश्न आहेत, हवा पुरेशी दाबली जाते काय आणि इंधन पोचते काय. थंड प्रदेशात तिसरा एक साक्षीदार, हीटर प्लग, महत्त्वाचा असतो. पण ऑक्टोबरच्या पनवेलात, जिथे माणसाला सकाळी सातलाच घाम फुटतो, तिथे त्याच्यावर सहसा बालंट येत नाही.

मिस्त्रींनी चालकाला सेल्फ मारायला सांगितले आणि स्वतः गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी उभे राहिले. धूर नव्हता. हे लक्षण फार बोलके आहे: सेल्फ फिरत असताना पांढरा धूर येत असेल, तर इंधन आत जाऊन वाफ होते आहे, पण पेटत नाही, आणि धूर मुळीच येत नसेल, तर इंधन पोचतच नाही. अग्नीवाचून धूर, हे येथे खरेच घडते. नैयायिकांना डिझेल इंजिन ठाऊक नव्हते. मग किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवून त्यांनी डिझेल पंपावरील विद्युत झडपेला कान लावला. तिने 'टिक्' करून आपण उघडत असल्याची साक्ष दिली. तेव्हा संशय उरला तो टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर.

डिझेल फिल्टरच्या तळाशी एक छोटा स्क्रू असतो. तो सैल करताच वाटीत प्रथम पाणी आले, त्यामागून काळपट चिकट गाळ, आणि मग डिझेल. टाकी जूनमध्ये निम्मी रिकामी ठेवली गेली होती. त्या रिकाम्या निम्म्यात चार महिने दमट हवा ये-जा करीत राहिली आणि तिच्यातील ओल गार पत्र्यावर थिजून खाली उतरली. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी. आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर काही जातीचे जिवाणू व बुरशी सुखाने नांदतात, पाणी पितात व डिझेल खातात, त्यांचा तो काळपट गाळ. पण इंधन अडण्याचे मुख्य कारण याहून साधे होते, आणि मिस्त्रींच्या भाषेत त्याला 'गाडीने एअर घेतली' असे म्हणतात. टाकी खाली, पंप वर. चालत्या गाडीत नळीत डिझेलचा अखंड स्तंभ असतो. पण रबरी नळी कडक होऊन तिच्या क्लिपेखाली केसाएवढी फट पडली, किंवा तांब्याच्या वॉशरने पकड सोडली, की त्या फटीतून डिझेल दिसण्याइतके बाहेर येत नाही, हवा मात्र आत जाते, आणि उभा स्तंभ हळूहळू ढासळून टाकीत परततो. द्रव दाबता येत नाही म्हणून पंप त्याला नोझलमधून फवारू शकतो; हवा दाबता येते, म्हणून पंप तिला नुसता दाबतो आणि सोडतो, दाबतो आणि सोडतो, नोझल उघडतच नाही.

नळीचे टोक दोन अंगुळे कापून नवी क्लिप आवळली. फिल्टरवरील हातपंपाची घुंडी मिस्त्री अंगठ्याने दाबीत राहिले. वरचा स्क्रू सैल ठेवलेला, त्यातून प्रथम फेस, मग बुडबुडे, मग निर्मळ धार. धार येताच स्क्रू बंद. मग नोझलच्या पाइपांचे नट एक-एक फेरा सैल करून सेल्फ दहा सेकंद, त्याहून अधिक नाही, आणि मग मिनिटभर विश्रांती, कारण सेल्फ हा थोड्या वेळात फार मोठे काम करण्यासाठी बनवलेला असून तो लवकर तापतो. प्रत्येक पाइपातून फेस जाऊन डिझेल आले तसतसा त्याचा नट आवळला. तिसऱ्या खेपेला सायलेन्सरमधून पांढरा लोट निघाला, एक सिलिंडर खोकला, दुसरा त्याला सामील झाला, आणि इंजिन अडखळत, रागावल्यासारखे, पण स्वतःच्या बळावर फिरू लागले.

येथे एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. नटसैलाचा हा उपाय जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीपुरता आहे. आजच्या कॉमन रेल गाड्यांत त्या पाइपांतील दाब १,६०० बार किंवा त्याहून अधिक असू शकतो. तशी सूक्ष्म धार कातडी भेदून शरीरात शिरते आणि हात गमावण्याची पाळी आणू शकते. त्या गाड्यांत फिल्टरमधील पाणी काढावे, हातपंप असल्यास दाबावा, आणि पुढचे काम संगणक लावणाऱ्यावर सोपवावे. तसेच पावसाळ्यात गाडीत इंजिनापर्यंत पाणी चढले असल्याचा नुसता संशय जरी असला तरी किल्लीला हात लावू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पुरातून निघालेली गाडी 'बघू या चालू होते का' म्हणून जो किल्ली फिरवतो, त्याच्या सिलिंडरात पाणी असले तर ते दाबले जात नाही, आणि मग दाबला जातो तो पिस्टनचा दांडा.

उंदीर-घुशींचा अध्याय येथे विस्ताराने लिहिण्याजोगा नाही, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात बिळात पाणी शिरले की बॉनेटखालची कोरडी जागा त्यांना राजवाड्यासारखी वाटते आणि वायरीचे आवरण ते कुरतडतात. बॉनेट उघडताच लेंड्या किंवा कापसाचे बोळे दिसले तर किल्ली मारण्याआधी वायरींवरून हात फिरवावा, एवढेच.

आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीने मात्र अजून एक डाव राखून ठेवला होता. इंजिन सुरू झाले, माळ घातली गेली, नारळ फुटला, चाकांखाली लिंबे ठेवली गेली, चालकाने गिअर टाकला, आणि गाडी जागची हलेना. जूनमध्ये हँडब्रेक ओढून ठेवला होता. चार महिन्यांत मागच्या चाकांचे लाइनर ड्रमच्या गंजाला चिकटून बसले होते. हातोडीने ड्रमवर चोहोबाजूंनी ठोके देऊन ते सोडवावे लागले. दीर्घकाळ उभ्या करायच्या गाडीचा हँडब्रेक ओढू नये, गिअरमध्ये ठेवून चाकाला अडसर लावावा, हे चालकाला माहीत होते. पण ज्याच्या आवारात लाखभर विटा रचलेल्या त्याला चाकाला लावायला एक वीट सुचू नये, याचा उलगडा त्याच्याकडे नव्हता.

प्रतिबंधाचा विचार निघाला तेव्हा मालक म्हणाले, की पुढच्या वर्षी आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवीन. हा उपाय फार लोकप्रिय आहे आणि अपुरा आहे. वर धरलेल्या हिशोबाने नव्या गाडीतून आठवड्याला सुमारे ५ अँपिअर-तास झिरपतात. पाच मिनिटांत अल्टरनेटरने २० अँपिअर दिले तरी जमा होतात १.७. शिवाय एवढ्या अवधीत इंजिनाचे तेल पुरते तापत नाही, जळणातून निघालेली वाफ सायलेन्सरातच थिजते, आणि ब्रेक व चाके जिथल्या तिथेच राहतात. चालवायचीच तर अर्धा तास रस्त्यावर चालवावी. ते शक्य नसेल, तर टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे दमट हवेला आत जागाच उरत नाही; टायरांत थोडी जास्त हवा भरावी; आणि बॅटरीची काळी वायर काढून ठेवावी, किंवा बॅटरीच घरात नेऊन महिन्यातून एकदा चार्ज करावी.

दुकानात वळती झालेली ती जुनी बॅटरी एव्हाना भंगारात वितळली असेल. तिच्यावर मल्टिमीटर कुणी कधी लावलाच नाही, त्यामुळे ती दोषी होती की नाही याची नोंद या प्रकरणात होऊ शकली नाही. वाचकांपैकी कुणाची गाडी यंदा चातुर्मासात उभी राहणार असेल, तर त्यांनी मृगापूर्वीच्या एखाद्या रविवारी बॉनेट उघडून काळी वायर सोडवून ठेवावी. बहुतेक गाड्यांना त्यासाठी १० नंबरचा पाना लागतो, आणि काम दोन मिनिटांचे आहे.